टिकाऊरावांचं नाक

कामावरून आल्यावर टिकाऊराव कधी सरळ घरात शिरत नसत. दाराबाहेर चपला काढायच्या, दोन्ही तळहात पुढे धरून उभं राहायचं आणि हाक मारायची, "अगं, येतेस का?" मग बायको हातातलं काम टाकून बाहेर यायची. आधी त्यांच्या मानेशी, मग केसांशी, मग तळहातांशी नाक न्यायची आणि निकाल जाहीर करायची. "पास" म्हणाली तर आत. "नापास" म्हणाली तर मागच्या अंगाला जाऊन पुन्हा साबण, पुन्हा पाणी, पुन्हा हात पसरून दारात. कधी मूड असला तर "काठावर पास" असा निकाल लागायचा, आणि त्या दिवशी जेवताना ती चांगली दोन हात लांब बसायची. शेजाऱ्यांना रोजची फुकट करमणूक होती. एवढा दांडगा बाप्या शाळेतल्या पोरासारखा नखं दाखवत उभा आहे, हे बघायला समोरच्या खिडकीत कोणी ना कोणी असायचंच.

टिकाऊरावांचं काम असं की ही परीक्षा चुकवून चालत नव्हतं. एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात ते प्रेतांना औषध भरायचे. ज्यांची माणसं लांबून यायची आहेत, ज्यांना लांब न्यायचं आहे, ज्यांना विमानात चढवायचं आहे, अशी सगळी त्यांच्या टेबलावरून जायची. ते औषध म्हणजे फॉर्मालिन. त्याचा वास आधी डोळ्यांत शिरतो, मग घशात बसतो, मग कपड्यांत, केसांत, कातडीत मुक्काम ठोकतो. नव्या माणसाला त्या खोलीत उभं राहवत नाही. जुन्या माणसाचं उलटं होतं, त्याचं नाकच संपावर जातं. टिकाऊरावांचं नाक तर संपावर जाऊन कायमचं घरी बसलं होतं. चुलीवर दूध करपून धूर झाला तरी यांना पत्ता नसायचा. फुलं हुंगायला दिली तर ते हुंगायचे, "छान" म्हणायचे आणि परत द्यायचे, पण ते आपलं देणाऱ्याच्या समाधानासाठी. म्हणून घरात एकच नाक होतं, बायकोचं, आणि संसाराची सगळी भिस्त त्याच्यावर होती.

टिकाऊराव हे नाव काही आईबापांनी ठेवलेलं नव्हे. इस्पितळातल्या कुठल्याशा तरुण डॉक्टरने थट्टेत ठेवलं आणि ते यांच्यापेक्षाही टिकाऊ निघालं. गंमत अशी की यांना सगळ्यात जास्त चीड यायची ती याच शब्दाची. नातेवाईक खाली यायचे आणि विचारायचे, "आता हे कायमचं टिकेल ना?" मग ते हातमोजे काढून त्या माणसाकडे नीट वळायचे. "कायमचं काही नाही हो. मी थांबवत नाही, मी उशीर करतो. दोन-चार दिवस छान. पुढचं हवेवर, पाण्यावर आणि आजार कोणता होता त्यावर." कोणी काचेच्या पेटीत ठेवलेल्या पुढाऱ्यांचं उदाहरण दिलं की त्यांचं डोकं फिरायचं. "त्या पेटीमागे माणसांची फौज राबते, महाराज! सारखी काढतात, भिजवतात, डागडुजी करतात, रंगवतात. ते टिकणं नव्हे, ती नोकरी आहे."

काम मात्र ते देवघरात शिरल्यासारखं करायचे. आधी अंग धुवायचं. आखडलेले हातपाय हळूहळू चोळून सैल करायचे. डोळे मिटायचे, आणि तोंड आतल्या बाजूने, कोणाला दिसणार नाही असा एक टाका घालून जुळवायचं. हे सगळं औषधाच्या आधी, कारण एकदा औषध गेलं की चेहरा जसा असेल तसाच राहणार. उकडलेलं अंडं पुन्हा कच्चं होत नाही, तसंच मांसाचं होतं. मग मानेच्या मुळाशी छोटीशी चीर, तिथल्या धमनीत नळी, शेजारची शीर उघडी. पंप सुरू केला की एकीकडून गुलाबी रंग मिसळलेलं औषध आत जातं आणि दुसरीकडून काळं पडलेलं रक्त बाहेर येतं. ते चालू असताना हात, बोटं, पोटऱ्या चोळत राहायचं, म्हणजे औषध कोपऱ्याकोपऱ्यात पोचतं. कानाच्या पाळ्यांवर आणि नखांवर गुलाबी झाक आली की समजायचं, पोचलं. शेवटी पोटाचं काम, पोकळ सुईने आतलं सगळं ओढून घ्यायचं आणि तिथे औषध न पातळ करता सोडायचं. एवढं झाल्यावर नातेवाईक यायचे, बघायचे आणि बहुतेक सगळे एकच वाक्य म्हणायचे, "अगदी झोपल्यासारखे दिसतात." टिकाऊरावांना तेवढं ऐकलं की पुरायचं. त्या वाक्यासाठीच ते सकाळी उठून कामाला जायचे म्हटलं तरी चालेल.

ज्यांच्या हाताखाली ते शिकले ते मास्तर कधीच गेले होते, पण त्यांच्या दोन ताकिदी टिकाऊरावांना तोंडपाठ होत्या. पहिली, काविळीच्या अंगाला जहाल औषध दाखवायचं नाही. अंगात मुरलेल्या पित्ताचा पिवळा रंग जहाल औषधाला भेटला की हिरवा होतो, आणि मग कोणाचा बाप आला तरी तो हिरवा जात नाही. त्याला पातळ औषध भरायचं आणि नातेवाइकांना सांगायचं, उरका लवकर. दुसरी ताकीद, आपलं माणूस टेबलावर आलं तर हात दुसऱ्याचे. या दुसऱ्या ताकिदीची गरज पडेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. कोणाला वाटतं?

बायकोला कावीळ झाली तेव्हा सगळ्यांनी ती साधीच धरली. पण पिवळेपणा डोळ्यांतून उतरेना. मग पोट भरत चाललं, पाय सुजले, आणि तपासण्या होऊन कळलं की यकृत कधीच कामातून गेलंय. आयुष्यात दारूच्या थेंबाला न शिवलेली बाई! डॉक्टर म्हणाले, असंही होतं. टिकाऊरावांना त्या "होतं"चा फार राग आला. पण राग काढायचा कोणावर?

त्यांना एकच मुलगी, आणि ती पार समुद्रापलीकडे एका शाळेत शिकवत होती. खूप खटपटीनंतर ही नोकरी लागली होती. बायकोने नवऱ्याला बजावून ठेवलं, "तिला काही कळवायचं नाही. धावत येईल आणि नोकरी घालवून बसेल. मी काय मरतेय थोडीच?" पोरीचा फोन आला की ती आवाजात जोर आणून बोलायची. चेहरा दाखव म्हटलं की, "कॅमेरा मोडलाय गं, बाबांना सांगून सांगून थकले." बाबा शेजारी बसून मान हलवायचे आणि गुन्ह्यात सामील व्हायचे. पोरगी लहानपणापासून आईवेडी. शाळेतून आली की दप्तर भिरकावून आईच्या मानेत नाक खुपसायची, आणि त्याच वेळी बाप दारात हात पसरून ताटकळत असायचा. "तिला नाही का परीक्षा?" असं ते कुरकुरायचे. "आईचा वास घेतात, तपासत नाहीत," बायको आतून म्हणायची. बाबा जवळ आले की ती पोर नाक दाबून पळायची, आणि दोघी मायलेकी खिदळत बसायच्या.

बायकोला त्याच इस्पितळात ठेवलं होतं. एका दुपारी, वॉर्डात जरा शांतता असताना, ती म्हणाली, "तुमची खोली याच्या बरोबर खाली आहे ना?"

"दोन मजले खाली. का गं?"

"मला तिथे न्यायचं नाही."

"अगं, काहीतरीच काय बोलतेस!"

"अहो, ऐकून घ्या. सगळा जन्म मी तो वास घराबाहेर ठेवला. आता तो माझ्या अंगात घालू नका. गेले की लगेच न्या, काय करायचं ते करून मोकळे व्हा. तुमची कलाकुसर माझ्यावर नको."

"बरं."

"बरं नको. शब्द द्या."

"दिला."

मग तिने त्यांना खाली वाकायला लावलं आणि मानेशी नाक नेलं. श्वास घेतानाही तिला धाप लागत होती. "पास," ती म्हणाली. टिकाऊराव आठवडाभर कामावर गेलेच नव्हते, पास होणार नाहीत तर काय! तरी त्यांना त्या निकालाने भरून आलं, आणि ते पाणी आणायच्या निमित्ताने उठून बाहेर गेले.

ती एका सकाळी गेली. खोकली, कूस बदलली आणि संपलं. टिकाऊरावांनी आयुष्यभर मेलेली माणसं हाताळली, पण मरताना कोणाला बघितलं नव्हतं. त्यांचं टेबल नेहमी पुढच्या स्थानकावर असायचं.

पोरीला फोन त्यांनीच केला. ती अशी कडाडली की त्यांनी फोन कानापासून लांब धरला. "तुम्ही मला सांगितलं नाहीत! बाबा, तुम्ही दोघांनी मिळून मला फसवलंत!" बराच वेळ रडून झाल्यावर ती एकदम बारीक आवाजात म्हणाली, "मी निघतेय. मला आई बघायचीय. जशी होती तशी. बाबा, तुम्ही जगाच्या आया ठेवता. माझी ठेवा. ठेवाल ना?"

"ठेवतो," टिकाऊराव म्हणाले.

आता यावर कोणी म्हणेल, त्यांनी तिथल्या तिथे खरं सांगायला हवं होतं. तुझी आई नको म्हणाली आहे, तुझी आई जशी होती तशी गेले कित्येक महिने नव्हतीच. पण ज्या पोरीपासून आईचं आजारपण लपवलं, तिलाच आता आईचा चेहराही नाही, असं सांगायला माणसाचं काळीज दगडाचं असावं लागतं. टिकाऊरावांचं नव्हतं. एक शब्द मोडून त्यांनी दुसरा दिला, आणि फोन ठेवताना त्यांना दोन्ही आठवत होते.

तळघरात त्यांचा जोडीदार हातमोजे चढवून तयार उभा होता. दिवसभरात मोजून चार शब्द बोलायचा, म्हणून त्याला सगळे बडबड्या म्हणायचे. "मी करतो," बडबड्या म्हणाला.

"तू नुसता आधार दे."

"मास्तर काय म्हणायचे?"

बडबड्याच्या मानाने हे भाषणच झालं. टिकाऊरावांनी त्याच्याकडे न बघता बाही सरसावली. "मास्तर गेले," ते म्हणाले.

खरं सांगायचं तर त्यांचे हात नेहमीपेक्षाही बेतशीर चालले. औषध अगदी पातळ केलं, पहिली ताकीद पाळून. पंप सुरू करायच्या आधी त्यांच्या तोंडून निघून गेलं, "थोडं गार लागेल हं." बडबड्याने मान दुसरीकडे वळवली. तोंड जुळवताना त्यांनी डावीकडचा कोपरा किंचित मोकळा ठेवला, कारण निकाल सांगायच्या आधी तिचा तो कोपरा असाच हलायचा. पोटातलं पाणी काढलं तेव्हा बादली भरली. एवढं पाणी घेऊन ही बाई फोनवर हसत होती, हे त्यांच्या मनात आलं. नखांवर गुलाबी झाक आली. चेहऱ्याचा पिवळेपणा राहिला, पण निवळला. सगळं उरकल्यावर त्यांनी दोन पावलं मागे जाऊन बघितलं, आणि जे वाक्य आजवर दुसऱ्यांकडून ऐकलं ते स्वतःच म्हणाले. झोपल्यासारखी दिसत होती.

त्या दिवशी पोरगी पोचली असती तर ही गोष्ट इथेच, रडूनभेकून पण बरी, संपली असती. पण जिथे तिला विमान बदलायचं होतं तिथे वादळ येऊन बसलं. विमानतळ बंद पडला. तिचा फोन आला, "बाबा, आज नाही म्हणतायत. उद्या बहुतेक." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "आई ठीक आहे ना?" असं तिने विचारलं आणि स्वतःच्याच प्रश्नाने तिला हुंदका आला.

"ठीक आहे. ये तू. घाई करू नको," टिकाऊराव म्हणाले.

हेच दुसऱ्या कोणाच्या बाबतीत असतं तर त्यांनी काय सांगितलं असतं ते बडबड्याला माहीत होतं, कारण त्याने ते पन्नासदा ऐकलं होतं. "मुलाला फोटो पाठवा आणि उरका. वाट बघायला माझी ना नाही, पण तो येईपर्यंत बघण्यासारखं काही राहायला हवं ना?" बडबड्या आता त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "नाही म्हण तिला." टिकाऊरावांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

दिवस उन्हाळ्याचे होते. शीतगृहाचं यंत्र जुनं, वीज गेली की तेही धाप टाकून बंद पडायचं. टिकाऊराव सारखे कप्पा उघडून बघायचे. दुसऱ्या खेपेला त्यांना पोटावर खाली, उजव्या बाजूला, नाण्याएवढा हिरवट डाग दिसला. त्यांच्या धंद्यात या डागाचा अर्थ पोरालाही कळतो. शरीर तिथून जायला सुरुवात करतं. पायाची सूज तशीच होती, आणि घोट्याजवळची कातडी बोटाखाली सरकली. पातळ औषध तिच्या अंगातल्या पाण्याने आणखी पातळ होऊन गेलं होतं. असं ठेवलं तर पोरगी येईपर्यंत चेहरा फुगणार, ओठ काळे पडणार, आणि दार उघडता येणार नाही असा वास सुटणार. जहाल औषध भरलं तर शरीर राहील, पण रंग जाईल. वेळ हवा की रंग, एवढंच ठरवायचं होतं, आणि तिसरी वाट कोणाला सापडलेली नाही.

त्यांनी वेळ निवडला. मांडीची धमनी उघडली आणि या वेळी औषधात पाणी अगदी नावापुरतंच घातलं. बडबड्या तिचे हातपाय चोळत राहिला. डाग पसरायचा थांबला. पायांचं मांस घट्ट झालं, मग हातांचं, मग गालांचं. बोट लावलं तर लाकडाला लागल्यासारखं वाटत होतं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कानाच्या पाळ्या हिरव्या झाल्या होत्या. दुपारपर्यंत मान. मग कपाळ, हनुवटी, डोळ्यांभोवतीचं सगळं, जुन्या हौदाच्या कडेला असतो तसा हिरवा. हे असं होणार हे त्यांना पक्कं माहीत होतं. तरी माहीत असणं वेगळं आणि आपल्या बायकोचा चेहरा तसा होताना बघणं वेगळं. ते स्टुलावर बसले आणि दोन्ही हातांनी डोकं धरून म्हणाले, "काय करून ठेवलं मी हे!"

बडबड्याने रंगांचा डबा आणून त्यांच्या मांडीवर ठेवला.

पुढचा सगळा दिवस ते रंगवत होते. घरून एक जुना फोटो आणला, आजाराच्या आधीचा, कोणाच्या तरी समारंभात ती मान वाकडी करून हसत होती तो. बडबड्याने दिवा धरला. हिरव्यावर आधी तांबूस थर, त्यावर दाट त्वचेचा रंग, सुकू द्यायचा, मग पुन्हा. गालांवर अगदी थोडी लाली, कारण ती उन्हातून आली की तेवढीच यायची. हनुवटीवरचा तीळ रंगाखाली बुडाला होता, तो त्यांनी बारीक कुंचल्याने परत काढला. पोरगी काय काय बघेल याचा विचार करून करून त्यांनी हात रंगवले, नखं रंगवली, कानामागची जागा रंगवली, पावलंसुद्धा रंगवली. केस धुतले आणि तिच्या पद्धतीने मधोमध भांग पाडला. तिचा आवडता निळा पोशाख चढवायला हात वाकेनात, तेव्हा त्यांनी तो पाठीमागून उभा कापला आणि वरून असा बसवला की शिवणाऱ्यालाही कळू नये. आयुष्यात त्यांनी एवढं चांगलं काम केलं नव्हतं, आणि ते त्यांना कळत होतं. त्या कळण्याची त्यांना लाजही वाटली.

संध्याकाळी शेजारच्या काकू बघायला आल्या. दाराशीच उभ्या राहिल्या, तोंडावर रुमाल धरून. "अगदी झोपल्यासारखी हो," रुमालाआडून म्हणाल्या. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. चांगली मैत्रीण होती, वाईट वाटणारच, असं टिकाऊरावांना वाटलं. काकू दोन मिनिटांत वर निघून गेल्या.

विमानं सुरू झाली आणि पोरगी आली. विमानतळावरून सरळ, हातात बॅग तशीच. बाप तिला जिन्यावर घ्यायला गेला. तिने त्यांच्या दंडाला धरलं. खाली येईपर्यंत तिचे डोळे लाल झाले होते. त्या खोलीत सगळ्यांचेच होतात. टिकाऊरावांचं काळीज मात्र शाळकरी पोरासारखं धडधडत होतं. रंगाची कड कुठे दिसत नाही ना, दिवा जास्त तर नाही ना, तीळ बरोबर जागी आहे ना. त्यांनी चादर छातीपर्यंत खाली केली आणि बाजूला झाले.

पोरगी बघत राहिली. मग तिने हातातली बॅग खाली ठेवली. "आई," ती म्हणाली. आणि मग बापाकडे वळून, "बाबा, किती छान दिसतेय ती. अगदी आहे तशी."

टिकाऊरावांनी टेबलाची कड धरली. दिलेला शब्द पुरा झाला होता. मोडलेल्या शब्दाचंही, त्यांना क्षणभर वाटलं, बायको काही मनावर घेणार नाही. पोरीसाठीच तर केलं.

मग पोरगी खाली वाकली. आईच्या गालाला गाल लावला नाही, हात हातात घेतला नाही, शाळेतून आल्यावर जायची तशी सरळ आईच्या मानेत नाक खुपसून गेली. खोल श्वास घेतला, आणि चटका बसल्यासारखी मागे आली. दोन पावलं मागे. हाताच्या पंज्याने नाक झाकून ती उभी राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, फक्त सगळं हरवल्यासारखं काहीतरी होतं.

"काय झालं गं?"

"बाबा," ती म्हणाली, "आईच्या अंगाला तुमचा वास येतोय."

रंगवताना टिकाऊरावांना कानामागची जागा आठवली होती. पावलं आठवली होती. तीळ आठवला होता. रोज घरी आल्यावर दारात थांबणाऱ्या माणसाला नेमकं हेच आठवलं नव्हतं, कारण ते आठवण करून देणारं माणूस टेबलावर होतं. काकूंचा रुमाल त्यांना आत्ता कळला. तुझी आई नकोच म्हणाली होती, हे वाक्य त्यांच्या ओठांपर्यंत आलं. ते त्यांनी गिळलं. पोरीनेच ठेवा म्हटलं होतं, तिच्या डोक्यावर हे ओझं कशाला?

"फार येतोय?" त्यांनी विचारलं, दारात विचारायचे त्याच आवाजात.

पोरीने मान डोलावली. तिचा हात नाकावरून निघाला नव्हता. ती भिंतीला टेकली, आणि बडबड्याने तिच्यासाठी स्टूल सरकवलं तरी तिला ते दिसलं नाही.

टिकाऊराव टेबलाजवळ गेले. वाकून त्यांनी बायकोच्या मानेशी नाक नेलं. मग केसांशी. मग तिच्या लाकूड झालेल्या तळहातांशी. डोळे मिटून, छाती भरेपर्यंत, पुन्हा पुन्हा हुंगलं. त्यांना औषधाचा वास आला नाही. तिचाही आला नाही. काहीच आलं नाही.

"अगं, सांग ना," ते तिला म्हणाले, आणि उत्तराची वाट बघत तसेच वाकून राहिले.